सामाईक कार्यालयातील संगणक आणि रिकाम्या तासांची वीज

पत्राचा आशय: आम्ही वेगवेगळ्या व्यवसायांतील काही जण मिळून एक कार्यालय चालवतो. तेथे बारा टेबले आहेत आणि प्रत्येक टेबलावर डेस्कटॉप संगणक आहे. कोणते टेबल कोणाचे हे ठरलेले नाही; जो येईल तो रिकाम्या टेबलावर बसतो. बहुतेकांचे काम हिशेब, पत्रव्यवहार आणि भाषांतर असे असते, दोघे जण मात्र इमारतींचे त्रिमितीय आराखडे करतात. सगळे संगणक जुने आणि मोठ्या कॅबिनेटचे आहेत. विजेचे बिल सर्वांमध्ये सारखे वाटले जाते आणि ते वाढत चालले आहे. रात्री शेवटी निघणाऱ्याला रोज तीन-चार संगणक चालूच सापडतात, परंतु कोणाचे तरी काम उघडे असेल या भीतीने तो ते बंद करत नाही. आता नवे संगणक घ्यायचे ठरत आहे. एका सदस्याच्या मते लॅपटॉप घ्यावेत, दुसऱ्याच्या मते एक सर्व्हर आणि थिन क्लायंट (ज्यांचे सगळे काम सर्व्हरवर चालते अशी टेबलावरची साधी यंत्रे) घ्यावेत, तर तिसऱ्याच्या मते आहेत त्याच संगणकांत ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या दर्जाचे पॉवर सप्लाय बसवले की पुरे. रोज चालू-बंद केल्याने संगणक लवकर बिघडतात, असेही एकाचे म्हणणे आहे. आम्ही काय घ्यावे आणि त्याची मांडणी कशी करावी?

सप्रेम नमस्कार.

खरेदीच्या तिन्ही पर्यायांचा विचार आपण केला आहेच, आणि त्यांच्याकडे मी येणार आहे. परंतु आपल्या पत्रातील खरी मेख रात्री चालू सापडणाऱ्या त्या तीन-चार संगणकांत आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करते. वर्षाचे तास ८,७६० असतात. वर्षातून २५० दिवस आणि रोज नऊ तास काम चालते असे धरले, तर कामाचे तास होतात २,२५०. उरलेले ६,५१० तास, म्हणजे वर्षाचा जवळजवळ तीनचतुर्थांश भाग, टेबलासमोर कोणीही बसलेले नसते. मोठ्या कॅबिनेटचा जुना संगणक काहीही काम न करता नुसता चालू असला तरी ५० वॅटच्या आसपास वीज घेतो. तो वर्षभर बंदच केला नाही तर ४३८ युनिट जळतात. त्यांपैकी कामाच्या वेळेतील केवळ ११२ आणि बाकीची सव्वातीनशे युनिट रिकाम्या खोलीत गेलेली असतात. यात मॉनिटर धरलेला नाही.

आता नव्या, लहान आकाराच्या संगणकाचा हिशेब पाहा. रिकामा असताना तो साधारण १० वॅट घेतो. तोही वर्षभर चालू ठेवला, तर ८८ युनिट होतात. म्हणजे जुना संगणक रोज वेळेवर बंद केला आणि नवा तसाच चालू सोडला, तर दोघांत फारसे अंतर उरत नाही. नवा संगणक कामाच्या वेळेपुरता चालू राहिला आणि बाकीचा वेळ दीड वॅटवर झोपून (स्लीपमध्ये) राहिला, तर मात्र वर्षाचा आकडा ३२ युनिटांवर येतो. प्रत्यक्ष कामात हे सर्व आकडे थोडे वाढतील, परंतु त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण फारसे बदलणार नाही. यंत्र बदलणे आणि यंत्र वेळेवर निजवणे, ही दोन्ही कामे एकत्र केली तरच आपल्याला हवा तो परिणाम दिसेल. आणि दुसऱ्या कामाला पैसे लागत नसल्यामुळे ते आजच सुरू करता येईल.

हा माझाच तर्क आहे असे समजू नये. १९९२ साली अमेरिकेत कमी वीज घेणाऱ्या उपकरणांना चिन्ह देणारी एनर्जी स्टार ही योजना सुरू झाली, तेव्हा तिचे चिन्ह सर्वप्रथम मिळाले ते संगणक आणि मॉनिटर यांनाच. आजही त्या योजनेत डेस्कटॉपची वार्षिक वीज मोजताना यंत्र बंद असताना, झोपलेले असताना आणि चालू पण रिकामे असताना किती वीज घेते, याच आकड्यांना तासांचे वजन देऊन बेरीज केली जाते. पूर्ण क्षमतेने राबणारा संगणक त्या सूत्रात जवळजवळ नाहीच, कारण कार्यालयातील संगणक दिवसातील फार थोडा वेळ खऱ्या अर्थाने राबत असतो. आपण पत्र टंकत असताना दोन कळांच्या मधला वेळही प्रोसेसरच्या दृष्टीने विश्रांतीचाच असतो.

खरेदीआधी एक काम अवश्य करावे. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये बसणारा लहान वॅटमीटर मिळतो. तो एक आणून एकेका टेबलाची नोंद घ्यावी. संगणक रिकामा असताना, नेहमीचे काम चालू असताना, स्लीपमध्ये असताना आणि शट डाऊन केल्यावर, असे चार आकडे प्रत्येक टेबलाचे लिहून काढावेत. मॉनिटर, यूपीएस आणि स्पीकर यांचे आकडे वेगळे घ्यावेत. बारा टेबलांच्या या नोंदी पाहिल्यावर बैठकीतील निम्मा वाद आपोआप मिटेल, कारण तेव्हा चर्चा मतांवर न होता आकड्यांवर होईल. एखादे टेबल इतरांच्या दुप्पट वीज घेत असल्याचे आढळणेही अगदी शक्य आहे. बहुधा त्या संगणकात कोणी तरी पूर्वी बसवलेले आणि आता कोणालाही न लागणारे ग्राफिक्स कार्ड निघेल. ते काढून टाकणे हीच त्या टेबलापुरती सर्वांत स्वस्त सुधारणा ठरेल. मात्र कार्ड काढल्यावर मॉनिटर जोडण्यासाठी प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.

आता पर्यायांविषयी. पॉवर सप्लाय बदलण्याचा पर्याय ऐकायला पटण्यासारखा आहे, पण आपल्या कामासाठी त्याचा उपयोग थोडा आहे. ८० प्लस या प्रमाणपत्रासाठी पॉवर सप्लायची चाचणी त्याच्या क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. आपल्या कॅबिनेटमधील पॉवर सप्लाय ४५० किंवा ५०० वॅटचा असेल आणि संगणक प्रत्यक्षात ४० वॅट घेत असेल, तर भार दहा टक्क्यांच्याही खाली राहतो, आणि त्या टापूत गोल्ड दर्जाचा पॉवर सप्लाय कसा वागेल याविषयी ते चिन्ह काहीच सांगत नाही. टायटॅनियम दर्जासाठी १० टक्के भारावरची चाचणीही आवश्यक असते, परंतु हिशेब आणि पत्रव्यवहार करणाऱ्या संगणकासाठी तो खर्च करण्यात अर्थ नाही. गरजेपेक्षा कितीतरी मोठा पॉवर सप्लाय हेच मूळ दुखणे आहे आणि त्यावरचा इलाज लहान पॉवर सप्लाय असलेले यंत्र हाच आहे.

थिन क्लायंटच्या पर्यायात टेबलावरचे यंत्र पाच-दहा वॅटवर चालते हे खरे. पण ज्या सर्व्हरवर सगळ्यांचे काम चालायचे, तो एकच माणूस कामाला आला तरी चालू ठेवावा लागतो. शेकडो टेबलांच्या संस्थेत तो भार विभागला जातो. बारा टेबलांत तो अंगावर येतो. शिवाय सर्व्हर बंद पडला की बाराही जणांचे काम एकाच वेळी अडते, आणि त्याची देखभाल करणारा जाणकार माणूस आपल्याकडे कायमचा असल्याचे पत्रावरून दिसत नाही. त्रिमितीय आराखड्यांचे काम अशा व्यवस्थेत नीट चालवणे तर आणखीच खर्चिक ठरेल. त्यामुळे आपल्यासारख्या कार्यालयाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅपटॉपच्या बाजूने बोलणाऱ्या सदस्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. लॅपटॉप वीज कमी घेतो यात शंका नाही. परंतु सामाईक टेबलावर कायमचा जोडून ठेवलेला लॅपटॉप सदैव पूर्ण चार्ज अवस्थेत राहतो आणि त्याची बॅटरी लवकर निकामी होते. पडदा डोळ्यांच्या पातळीच्या खाली राहिल्यामुळे दिवसभर बसणाऱ्याची मान भरून येते, आणि शेवटी त्याला मॉनिटर व कीबोर्ड जोडावाच लागतो. सदस्य स्वतःचे लॅपटॉप रोज घेऊन येत असतील, तर मात्र गोष्ट वेगळी आहे. तेव्हा चार-पाच टेबलांवर संगणक ठेवूच नये. एकाच यूएसबी-सी केबलने चित्रही जाईल आणि चार्जिंगही होईल असा मॉनिटर, एक कीबोर्ड आणि एक माऊस ठेवावा. न घेतलेल्या यंत्राइतके कमी वीज खाणारे यंत्र दुसरे नाही. यासाठी आधी किती जण स्वतःचा लॅपटॉप वापरण्यास तयार आहेत, याची विचारणा करून मगच संगणकांची संख्या ठरवावी.

उरलेल्या टेबलांसाठी माझी शिफारस साधारण एक लिटर आकारमानाच्या व्यावसायिक मिनी डेस्कटॉपची आहे. लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीचे मिनी हे याच वर्गातील संगणक होत. लॅपटॉपला असतो तसा ६५ किंवा ९० वॅटचा बाहेरचा अडॅप्टर त्यांच्यासोबत येतो, म्हणजे पॉवर सप्लायचे माप मुळातच गरजेएवढे असते. १६ जीबी रॅम आणि एसएसडी एवढे आपल्या बहुतेक कामांना पुरेसे आहे. हार्ड डिस्क नुसती फिरत राहण्यासाठीच चार-पाच वॅट घेते, तर एसएसडी रिकाम्या वेळी एक वॅटही घेत नाही. प्रोसेसरविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो, तो येथे दूर करणे आवश्यक वाटते. इंटेलच्या काही प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'टी' हे अक्षर असते आणि त्यांचा टीडीपी, म्हणजे वीज व उष्णतेची ठरवलेली मर्यादा, ६५ ऐवजी ३५ वॅट लिहिलेला असतो. हा आकडा प्रोसेसर दीर्घकाळ राबत असतानाच्या मर्यादेचा आहे. रिकाम्या वेळी दोघांच्या विजेत फारसा फरक पडत नाही. लहान पेटीत उष्णता कमी व्हावी आणि पंख्याचा आवाज होऊ नये म्हणून 'टी' जरूर घ्यावा, पण केवळ बिल निम्मे होईल या आशेने जास्त पैसे मोजू नयेत.

हे मिनी संगणक मोठ्या संस्था काही वर्षांनी बदलतात आणि मग ते तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकले जातात. असे नूतनीकृत संगणक घेण्यात मला काहीही गैर वाटत नाही, उलट शक्य असेल तेथे तेच घ्यावेत. कारण संगणक तयार करतानाच खूप ऊर्जा खर्च झालेली असते आणि चांगले यंत्र आणखी काही वर्षे चालले की ती सत्कारणी लागते. एक पथ्य मात्र पाळावे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप) तसेच ठरावीक पिढीपासूनचाच प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत मोटामोटी आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीचा संगणक कितीही स्वस्त मिळाला तरी विंडोजसाठी घेऊ नये.

त्रिमितीय काम करणाऱ्या दोघांसाठी दोन टेबले वेगळी राखावीत आणि तेथेच स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेले मोठे संगणक ठेवावेत. बाराही टेबलांवर एकसारखे शक्तिशाली संगणक हवेत हा आग्रह सामाईक कार्यालयात न्यायाच्या भावनेतून धरला जातो, पण त्यात दहा टेबलांवर न लागणारी यंत्रे वर्षानुवर्षे वीज घेत बसतात. या दोन टेबलांवर पत्रव्यवहार करणाऱ्यांनी, इतरत्र जागा असताना, बसू नये एवढा नियम पुरेसा आहे.

मॉनिटरचा विचार खरेदीच्या यादीत सर्वांत शेवटी होतो, ते योग्य नाही. संगणकच दहा वॅटवर आल्यानंतर टेबलावरचा सर्वांत मोठा ग्राहक मॉनिटरच उरतो. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० वॅट घेतो आणि त्याची वीज प्रामुख्याने प्रकाशमानावर अवलंबून असते. दुकानातून आलेला मॉनिटर बहुधा पूर्ण उजेडावर लावलेला असतो. तो खोलीच्या उजेडाला साजेल इतका कमी केला की वीजही वाचते आणि डोळ्यांनाही बरे वाटते. कोऱ्या कागदाचा ताव पडद्याशेजारी धरावा आणि पडद्यावरची पांढरी जागा त्या कागदाइतकीच उजळ दिसेपर्यंत प्रकाशमान उतरवावे. स्क्रीन सेव्हर असतील तर ते काढून टाकावेत. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांवर एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून ते आले होते. हलती चित्रे दाखवणारा मॉनिटर पूर्ण वीज घेतच राहतो.

मांडणीच्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर देणे भाग आहे, कारण सामाईक वस्तूला कोणी वाली नसतो ही अडचण येथेच उभी राहते. घरचा संगणक बंद करायचे ज्याच्या त्याच्या लक्षात राहते. आपल्याकडे मात्र टेबल कोणाचेच नाही, बिल सर्वांत सारखे वाटले जाते आणि चालू संगणकात कोणाचे काम उघडे आहे हे कळत नाही; अशा स्थितीत सूचनाफलक लावून किंवा बैठकीत समज देऊन काहीही बदलणार नाही. रात्री निघणारा माणूस संगणक बंद करत नाही, यात त्याचा दोष नाही. दुसऱ्याचे काम बुडवण्यापेक्षा वीज जळू देणे त्याला रास्त वाटते, आणि तसे वाटणे बरोबरच आहे. म्हणून निर्णय माणसाच्या आठवणीवर न सोडता यंत्राच्या मांडणीतच बसवावा, आणि तो असा बसवावा की कोणाचेही काम बुडणार नाही.

त्यासाठी स्लीप आणि हायबरनेट यांतील फरक सर्व सदस्यांना एकदा नीट समजावून सांगावा. स्लीपमध्ये उघडे काम रॅममध्ये राहते आणि रॅम जिवंत ठेवण्यापुरती वीज चालू असते. स्लीपमध्ये असताना विजेचे मुख्य बटण बंद केले तर ते काम जाते. हायबरनेटमध्ये रॅममधील सगळा मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि मग यंत्र बंद होते. त्यानंतर मुख्य बटण बंद केले तरी चालते, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केल्यावर कागदपत्रे होती तशी समोर येतात. एकाच संगणकात दोघांनी लॉगइन केलेले असले, तरी दोघांचीही कामे सुरक्षित राहतात. विंडोजमध्ये हायबरनेटचा पर्याय पुष्कळदा यादीत दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन तो एकदा सुरू करावा लागतो. मग प्रत्येक संगणकावर मॉनिटर पाच मिनिटांनी बंद, पंधरा मिनिटांनी स्लीप आणि दोन तासांनी हायबरनेट, अशी साखळी लावावी. यांशिवाय कार्यालय बंद होण्याच्या वेळेनंतर अर्ध्या तासाने, यंत्र रिकामे असेल तरच, हायबरनेट करण्याची आज्ञा टास्क शेड्युलरमध्ये नोंदवून ठेवावी. उशिरापर्यंत काम करणाऱ्याला तिचा त्रास होणार नाही, आणि विसरून गेलेल्याचे कामही सुरक्षित राहील. प्रत्येक सदस्याचे खाते वेगळे असावे आणि जागे झाल्यावर पासवर्ड विचारला जावा, हे ओघानेच आले.

आपल्या संगणकांवर ही मांडणी केल्यानंतरही दोन-तीन संगणक झोपणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. अशा वेळी सेटिंग पुन्हा पुन्हा तपासत बसू नये. संगणकालाच कारण विचारावे. कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडून 'पॉवरसीएफजी' या आज्ञेला 'रिक्वेस्ट्स' हा पर्याय जोडला (powercfg /requests), की कोणता प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर यंत्राला जागे ठेवतो आहे ते पडद्यावर दिसते. 'लास्टवेक' (/lastwake) हा पर्याय जोडला तर यंत्र शेवटचे कशामुळे जागे झाले ते कळते. पुष्कळदा उत्तर नेटवर्क कार्ड असे येते, कारण नेटवर्कवरच्या साध्या हालचालीनेही ते संगणकाला उठवत असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये फक्त मॅजिक पॅकेटनेच, म्हणजे जागे करण्यासाठी मुद्दाम पाठवलेल्या संदेशानेच, जागे होण्याची खूण केली की हा प्रकार थांबतो. कधी एखादा माऊस टेबलाच्या चकचकीत पृष्ठभागावर आपोआप थरथरतो आणि यंत्राला झोपू देत नाही. त्याच्याखाली साधा पॅड ठेवला की काम भागते.

सर्वांत चिवट कारण मात्र वेगळेच असते, आणि आपल्याकडेही ते असण्याची दाट शक्यता आहे. एखाद्या टेबलाचा संगणक नकळत सगळ्यांचा सर्व्हर होऊन बसलेला असतो: त्याच्या हार्ड डिस्कवर सामाईक फोल्डर असते, प्रिंटर त्यालाच जोडलेला असतो, आणि म्हणून तो कधीही बंद करायचा नाही असा अलिखित नियम पडून गेलेला असतो. हा गुंता आधी सोडवावा. प्रिंटर थेट नेटवर्कवर घ्यावा. सामाईक फाइलींसाठी दोन डिस्कचा लहान नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी) ठेवावा. तो साधारण १५ ते २० वॅट घेतो, पण त्या बदल्यात बाकी सर्व यंत्रांना झोपण्याची मोकळीक मिळते. राउटर, नेटवर्क स्विच आणि नॅस एवढीच उपकरणे अहोरात्र चालू राहावीत आणि त्यांची जोडणी टेबलांच्या सॉकेटपासून वेगळी असावी.

अपडेट आणि बॅकअप रात्री व्हावेत म्हणून संगणक चालू ठेवण्याची पद्धत अनेक कार्यालयांत आहे. ती सोडून द्यावी. बॅकअप मधल्या सुट्टीत ठेवावा. तेव्हा यंत्रे चालू असतातच आणि माणसे नसतात. अपडेटसाठी आठवड्यातील एक दिवस ठरवून त्या दिवशी काम संपल्यावर प्रत्येकाने रीस्टार्ट करावे. येथे रीस्टार्टच म्हणते आहे, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर नुसत्या शट डाऊनने यंत्रणा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही.

मिनी संगणक मॉनिटरच्या पाठीमागे बसवण्याची सोय असते आणि टेबल मोकळे दिसते म्हणून बहुतेक जण तसेच करतात. तसे केल्यास पॉवरचे बटण मॉनिटरच्या आड जाते आणि मग कोणीही तेथे हात घालून ते दाबत नाही. म्हणून संगणक टेबलाच्या कडेखाली, बटण समोर येईल आणि जाळीला हवा मिळेल असा बसवावा आणि ते बटण दाबल्यावर शट डाऊन न होता स्लीप होईल असे सेटिंग करावे. चहाला उठतानाही माणूस सहज बटण दाबून जाईल, इतकी ती गोष्ट हाताशी असली पाहिजे.

यूपीएसचा उल्लेख आपण केलेला नाही, पण प्रत्येक टेबलाखाली एकेक असेल असे गृहीत धरते. प्रत्येक यूपीएस स्वतःसाठी काही वॅट सतत घेतो, त्याला जोडलेला संगणक बंद असला तरीही. मिनी संगणक आणि एलईडी मॉनिटर मिळून कामाच्या वेळी ३० ते ४० वॅटच्या आसपास घेतात, त्यामुळे योग्य क्षमतेच्या एका यूपीएसवर शेजारशेजारची तीन-चार टेबले चालू शकतात. क्षमता पाहताना व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) आकडा न पाहता वॅटचा पाहावा. तो व्हीएपेक्षा बराच कमी असतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही जोडू नये, कारण त्यातील तापणारा रूळ एकदम मोठा भार टाकतो. रात्री संगणक हायबरनेट झाल्यावर यूपीएस त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा आणि मगच भिंतीवरचे बटण बंद करावे. नुसतेच भिंतीवरचे बटण बंद केले, तर यूपीएस वीज गेली असे समजून बॅटरी संपेपर्यंत ओरडत राहील.

खोलीत वातानुकूलन असेल तर या सगळ्याचा लाभ दुहेरी आहे. संगणकाने घेतलेल्या प्रत्येक वॅटची शेवटी उष्णताच होते. बारा जुने संगणक मॉनिटरसह चालू असणे म्हणजे खोलीत आठ-नऊशे वॅटचा हीटर लावून ठेवण्यासारखे आहे. वातानुकूलन यंत्र साधारणपणे एक युनिट वीज खर्चून तीन युनिट उष्णता बाहेर टाकते, असे धरले तर संगणकांवर वाचवलेल्या प्रत्येक तीन युनिटांमागे आणखी एक युनिट तेथे वाचते.

रोज चालू-बंद केल्याने संगणक बिघडतात, या भीतीला आजच्या कार्यालयीन संगणकांच्या बाबतीत आधार नाही. दिवसातून एक-दोनदा बंद होणे त्यांच्या रचनेत गृहीतच धरलेले असते, आणि एसएसडीमध्ये तर फिरणारा भागच नसतो. रात्रभर पंखा चालू राहून आत ओढली जाणारी धूळ आणि पॉवर सप्लायमधील कपॅसिटर सतत तापत राहणे, हे त्यापेक्षा अधिक हानिकारक आहे. सुरू होताना जास्त वीज लागते हेही मनातून काढून टाकावे. ती मिनिटभराची गोष्ट असते.

खरेदी एकदम बाराची करू नये. सेटिंगचे काम आहे त्या संगणकांवर लगेच करावे, सामाईक फोल्डर आणि प्रिंटर वेगळे काढावेत आणि महिनाभर मीटरची नोंद घ्यावी. त्यानंतर ज्या टेबलांवर रोज दिवसभर माणूस बसतो तेथील तीन-चार संगणक आधी बदलावेत. क्वचित वापरल्या जाणाऱ्या टेबलांवरचे जुने संगणक एसएसडी घालून आणि नीट झोपवून आणखी काही काळ चालू शकतील. ज्यांच्यावर विंडोज ११ चालत नाही त्यांच्यावर लिनक्स घालून पाहावे, कारण केवळ ब्राउझर आणि पत्रव्यवहार एवढेच काम असणाऱ्याला ते पुरते. हिशेबाचे जे सॉफ्टवेअर आपण वापरता ते लिनक्सवर चालते की नाही, याची खात्री मात्र आधी करून घ्यावी. जे संगणक शेवटी काढून टाकाल, ते भंगारात किंवा कोणाला वापरायला देण्यापूर्वी त्यांची हार्ड डिस्क पूर्ण पुसावी. नुसते फॉरमॅट करून भागत नाही. हार्ड डिस्कवर सर्वत्र नवा मजकूर लिहिणारे साधन वापरावे आणि एसएसडी असेल तर तिच्या उत्पादकाने दिलेली सिक्युअर इरेजची सोय वापरावी. बारा टेबलांवर वर्षानुवर्षे अनेकांचे हिशेब आणि पत्रे उघडली गेली आहेत, तेव्हा हे काम एका सदस्याकडे नावानिशी सोपवून कोणती डिस्क कधी पुसली याची नोंद कार्यालयाच्या वहीत ठेवावी.